२०१२ च्या उपग्रह प्रतिमेतले काळे पट्टे : भरायचे कसे?

कुंभीकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडलं म्हणून पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

एम.एस्सी. भूगोलाच्या प्रकल्पासाठी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं उसाचं क्षेत्र २००२, २००७, २०१२ आणि २०१७ या चार सालांत किती बदललं ते काढायचं आहे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमा फुकट मिळतात, म्हणून तोच मार्ग धरला. २००२ ला लँडसॅट ७, २००७ ला लँडसॅट ५, २०१७ ला लँडसॅट ८. तिन्ही प्रतिमा स्वच्छ. २०१२ ची लँडसॅट ७ ची उघडली आणि बघते तर सगळ्या चित्रावर तिरके काळे पट्टे. चटईच्या काड्या निसटाव्यात तसे. वाटलं, डाउनलोड अर्धवट झालं. हॉस्टेलच्या वायफायवर दोन रात्री घालवून दोनदा परत उतरवलं. पट्टे जिथल्या तिथे.

मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं रिकामी जागा भरणारं 'फिल नोडेटा' चालवलं. पट्टे गायब! रूममेटला उठवून दाखवलं. सकाळी झूम करून बघितलं तर पंचगंगा पट्ट्याच्या एका काठाशी विरघळते, पलीकडच्या काठाला परत उगवते आणि मधे नुसता तांबूस लगदा. कुठला पिक्सेल कुठलं पीक हे ठरवणाऱ्या वर्गीकरणात तो लगदा ऊस म्हणून आला. नदीच्या पात्रात ऊस! गाईडना हे दाखवायची हिंमत नाही.

हे पट्टे नेमके कशाचे, आणि नीट भरायचे कसे?

बिंदूचौक

वायफायला शिव्या देऊ नका, बिचाऱ्याचा दोष नाही. ३१ मे २००३ ला लँडसॅट ७ वरचा 'स्कॅन लाइन करेक्टर' बंद पडला. त्यानंतरची त्याची प्रत्येक प्रतिमा अशीच आहे, कुठल्याही गावाची घ्या.

कारण समजून घ्या, पुढे उपयोग होईल. अंगण झाडणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. झाडू डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, आणि हे करताना तो सारखा पुढे चालतोय. चालणं थांबत नाही म्हणून झाडूचे फराटे सरळ न पडता नागमोडी पडतात. वळणाच्या टोकाला एकीकडे दोन फराटे एकमेकांवर येतात, दुसरीकडे जमीन झाडायची राहते. उपग्रहाचा आरसा असाच डुलतो. एका फराट्यात १६ ओळी, ३० मीटरच्या, म्हणजे ४८० मीटर रुंदी. पुढच्या चालीची भरपाई करून फराटे समांतर पाडायला आत दोन छोटे आरसे होते. तेच अडकले.

म्हणून पट्टे प्रतिमेच्या कडेला रुंद, साधारण १४ पिक्सेलपर्यंत, आणि मध्याकडे येता येता बारीक होत जातात. मधली २२ किलोमीटरची चिंचोळी पट्टी जवळपास धड असते. एकूण २२ टक्के जमीन हरवते. उरलेले ७८ टक्के पिक्सेल मात्र पहिल्यासारखेच चोख. त्यांच्यावर शंका घ्यायचं कारण नाही.

तुमचं नशीब असं की लँडसॅट ५ चा मुख्य कॅमेरा नोव्हेंबर २०११ मध्ये थांबला आणि लँडसॅट ८ उडाला ११ फेब्रुवारी २०१३ ला. मधल्या खिंडीत हा एकटा अधू गडी राबत होता. तुमचं साल नेमकं तिथं सापडलं.

तांबडा_पांढरा

ताई एवढं कशाला डोकं लावताय. फोटोशॉपात टाका, शेजारचा तुकडा उचलून डकवा, काम तमाम. आमच्या दुकानात लग्नाच्या अल्बममधली नको असलेली पाव्हणी आम्ही अशीच काढतो. कुणाला कळत न्हाई.

मोजणीदार

तांबडा_पांढरा, पाहुणी काढता तेव्हा तिच्या जागी जी भिंत डकवता, ती भिंत कुणी मोजायला येत नाही. इथे मोजायचंच आहे.

मी जमीन मोजणीत तीस वर्षं साखळी आणि प्लेन टेबलवर काढली, उपग्रह उतारवयात शिकलो. तेव्हा माझी भाषा जुनी वाटेल. ३० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. आपल्याकडे नदीकाठाला भावाभावांत वाटण्या होऊन कित्येकांच्या वाट्याला वीस गुंठेसुद्धा येत नाहीत. १४ पिक्सेलचा पट्टा म्हणजे ४२० मीटर. त्याच्या मध्यावर उभं राहिलं तर खरी मोजलेली जमीन दोन्हीकडे दोनशे मीटर लांब. दोनशे मीटरमध्ये चार जणांचे बांध, एक पाणंद आणि एखादी विहीर ओलांडून होते. 'फिल नोडेटा' काय करतं, तर काठावरच्या किमती अंतराच्या हिशोबाने सरमिसळ करून आत ओढतं. उंचीच्या नकाशाला ते चालतं, कारण डोंगर हळूहळू चढतो. ऊस हळूहळू भात होत नाही. बांधावर तुटतो.

कुंभीकाठची

काका, लगदा का झाला ते आता कळलं. मग दुसऱ्या तारखेची प्रतिमा घेऊन तिच्यातले पिक्सेल पट्ट्यात घातले तर?

बिंदूचौक

तोच रस्ता. पण भरण्याआधी तयारी करा. बहुतेक जण तयारीतच मार खातात आणि खापर भरण्याच्या पद्धतीवर फोडतात.

सगळ्यात आधी शून्य. पट्ट्यात ० लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काळी जमीन नव्हे, 'इथे काही मोजलंच नाही' असा. तुम्ही दुसऱ्या पातळीची, वातावरणाचा परिणाम काढलेली प्रतिमा घेतली असणार. तिच्यात प्रत्येक आकड्याला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करायचे असतात. शून्य झाकायच्या आधी हे केलंत तर पट्ट्यात सगळीकडे उणे ०.२ बसतं. मग एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई मोजणारा निर्देशांक, काढायला गेलात की लाल आणि निअर इन्फ्रारेड दोन्ही सारखे, वजाबाकी शून्य, उत्तर शून्य. संगणक म्हणणार, ही पडीक जमीन. कसलीही चूक दाखवणार नाही, निमूट तालुक्याच्या पाचव्या हिश्श्यावर पडीक लिहून मोकळा होईल. म्हणून आधी शून्य झाका, मग गुणाकार.

दुसरं, सगळ्या बँडमधले (बँड म्हणजे प्रकाशाच्या एकेका रंगाची वेगळी प्रतिमा) पट्टे एकावर एक तंतोतंत बसत नाहीत. आरशामागे प्रत्येक बँडचे संवेदक थोड्या वेगळ्या जागी आहेत, त्यामुळे एका बँडमध्ये पट्टा सुरू झालेला असतो तेव्हा दुसऱ्यात अजून एखादा पिक्सेल शिल्लक असतो. पट्ट्यांच्या काठाला निळी-पिवळी झालर दिसत असेल बघा, ती याचीच. कुठल्याही एका बँडमध्ये शून्य असेल तो पिक्सेल सगळ्या बँडमधून काढा. वर एक पिक्सेल जादा सोडा. चार पिक्सेल वाचवायच्या नादात ती झालर उसात घुसते.

तिसरं ढग. सोबत गुणवत्तेचा बँड येतो, त्यात ढग आणि ढगाची सावली वेगवेगळी नोंदलेली असते. दोन्ही झाका. सावली लोक विसरतात, आणि मग डोंगरउतारावर नसलेलं तळं सापडतं.

आणि हे सगळं होईपर्यंत प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, बदलू नका. प्रतिमा यूटीएम ४३ या प्रक्षेपणातच येते, तशीच राहू द्या. झाकण्याआधी क्युबिक पद्धतीने दुसऱ्या प्रक्षेपणात नेलीत तर ती शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेते, त्यात शून्यंही ओढली जातात, आणि पट्ट्याच्या काठाचे चोख पिक्सेल नासतात. नासलेत हे कळतही नाही, कारण ते शून्य नसतात.

तांबडा_पांढरा

आयला, ह्ये लग्नाच्या अल्बमपेक्षा अवघड हाय.

कुंभीकाठची

आठवडाभराने परत आले. झालर खरंच होती! सगळं सांगितलं तसं झाकलं. मग जानेवारी २०१२ ची मूळ प्रतिमा घेतली आणि तिच्यानंतर १६ दिवसांनी उपग्रह परत आला तेव्हाची दुसरी. दुसरीचे पट्टे पहिलीच्या पट्ट्यांवर तंतोतंत पडत नाहीत, त्यामुळे बरीचशी जागा भरली. दोन्हींचा उजळपणा जुळावा म्हणून आजूबाजूच्या पिक्सेलांच्या खिडकीतल्या सरासरी आणि प्रमाण विचलनाने जुळवणी पण केली.

नदी आता नदीसारखी दिसते. पण उसाच्या पट्ट्यात परत रेघा उमटल्या, या वेळी फिकट, करड्या. हिरवं रान, मधेच उघडी जमीन, परत हिरवं रान. कडा अगदी पट्टीने आखल्यासारख्या. जुळवणी चुकली का?

मोजणीदार

पोरी, जुळवणी नाही चुकली, कॅलेंडर चुकलं. जानेवारी म्हणजे ऐन तोडणी. १६ दिवसांत टोळी अख्खा मळा साफ करून ट्रॉल्या भरून कारखान्यावर पोचवते. तुझ्या पहिल्या प्रतिमेत फड उभा आहे, दुसरीत पाचट पडलंय. दोन तारखांचं ठिगळ जोडलंस, शिवण दिसणारच.

बिंदूचौक

अगदी. ही जुळवणीची पद्धत एका खिडकीत सगळं सारख्याच प्रमाणात बदललं असं धरून चालते. जंगलात, वाळवंटात ते खपतं. आपल्याकडे एकाच बांधाच्या अलीकडे आडसाली ऊस तुटलेला, पलीकडे सुरू हंगामाची लागण, त्याच्या शेजारी तुटलेल्या उसाचा खोडवा कोंब टाकतोय.

याहून शहाणी पद्धत २०११ साली जिन चेन आणि सहकाऱ्यांनी मांडली. सारख्या शेजाऱ्यांवरून अंदाज बांधायची, इंग्रजी आद्याक्षरांनी 'एनएसपीआय' म्हणतात. हरवलेला पिक्सेल भरायला घेतलेल्या दुसऱ्या प्रतिमेत कसा दिसतो ते बघायचं. मग आसपासचे असे पिक्सेल शोधायचे जे त्या प्रतिमेत त्याच्यासारखेच दिसतात आणि दोन्ही तारखांना मोजलेले आहेत. त्यांच्यात दोन तारखांमध्ये जो बदल झाला तोच याला लावायचा. जवळच्याला जास्त वजन, जास्त सारख्याला जास्त वजन. बांध शाबूत राहतात, कारण भाताच्या खाचराला भातच शेजारी मिळतो.

मोजणीदार

आणि शेजाऱ्याची तोड आली नसेल तर? फडाला नंबर लागतो तो तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मर्जीने, पिक्सेलच्या सारखेपणाने नव्हे. 😀

बिंदूचौक

खरंय, तिथे ही पद्धतही फसते. तोडणी सुरू व्हायच्या आधीची जोडी मिळाली तर बघा. पाऊस उघडल्यानंतर आणि गाळप जोरात यायच्या आत. तेव्हा भात कापून झालेला असतो, ऊस एकटाच गर्द उभा, ओळखायलाही सोपा. नाहीतर त्याच सुमाराचं दुसऱ्या उपग्रहाचं काही शोधा. आपला रिसोर्ससॅट-२ एप्रिल २०११ पासून वर होता. त्याच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या प्रतिमा २३.५ मीटरच्या, इस्रोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तुमच्या तारखेच्या जवळपासची आहे का बघा. त्यात निळा बँड नसतो, पण उसाला त्यावाचून अडत नाही. मात्र दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवताना हयगय नको. अर्धा पिक्सेल सरकला की आपल्याकडे मालक बदलतो.

नासाच्या मोडिस कॅमेऱ्याच्या नादी लागू नका. २५० मीटरच्या पिक्सेलमध्ये आख्खी वाडी मावते.

मोजणीदार

आता माझं खरं म्हणणं मांडतो. तुला भरायचंच कशाला आहे?

तुझा प्रश्न काय, तर तालुक्यात ऊस किती. त्याला चित्र अखंड असायची गरज नाही. पट्टे काही ऊस बघून पडलेले नाहीत, यंत्राच्या चालीने पडलेत. म्हणजे दर किलोमीटरमागे एक याप्रमाणे घेतलेला तो नमुनाच झाला, आणि नमुना म्हणून ७८ टक्के म्हणजे चैन आहे. खरोखर दिसलेल्या जमिनीत ऊस किती टक्के ते काढ, तालुक्याच्या क्षेत्राने गुण. संपलं. भरलेला पिक्सेल म्हणजे तुझा अंदाज. तो वर्गीकरणात घालून परत मोजलास की स्वतःचाच अंदाज स्वतःलाच पुरावा म्हणून दाखवल्यासारखं होतं. मागे एका नकाशात मी हे पाहिलंय. सुबक, गुळगुळीत, भिंतीवर लावण्याजोगा नकाशा. कुठला भाग मोजलेला आणि कुठला भरलेला हे कोपऱ्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाईकाला पट्टे आवडत नाहीत.

बिंदूचौक

मोजणीदारसाहेब, तत्त्वाशी सहमत, पण एक शंका आहे. पट्टे आडवे, पूर्व-पश्चिमेकडे थोडे कललेले. आपल्या नद्याही साधारण त्याच दिशेने वाहतात, आणि ऊस नदीकाठाने. पट्टा नेमका काठच गिळून बसला तर नमुना एकांगी नाही का होणार?

मोजणीदार

शंका रास्त. एखादा चिंचोळा ओढा असता तर मीही घाबरलो असतो. पण पंचगंगा सरळ कुठे वाहते? प्रयाग चिखलीच्या खाली तिची वळणं बघा. शिवाय उपसा योजनांनी ऊस काठापासून कैक किलोमीटर वर चढवलाय. किलोमीटरमागे येणारा पट्टा त्या पट्टीतून आठ-दहा वेळा तरी जातो.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासून बघा. २०१७ ची प्रतिमा अखंड आहे ना? तिच्यावर २०१२ चा पट्ट्यांचा मुखवटा ठेवून मुद्दाम तेवढीच भोकं पाडा. मग तीनदा हिशोब करा. अखंड प्रतिमेवरून, भोकं तशीच ठेवून, आणि भोकं भरून. खरं उत्तर हातात असताना कोण किती चुकतं ते दिसेल.

बिंदूचौक

हे सर्वांत उत्तम. भरायची कुठलीही पद्धत वापरण्याआधी हीच परीक्षा घ्यावी. फक्त २०१७ मध्येही भरायला घेतलेली प्रतिमा तितक्याच दिवसांच्या अंतराची आणि त्याच महिन्यातली घ्या, नाहीतर पेपर सोपा होईल.

रंकाळवेस

मधेच घुसतोय. मला रंकाळ्याचं पाणी किती पसरलंय ते सालवार काढायचं आहे. त्याच काळातल्या एका प्रतिमेत पट्टा बरोबर तळ्यावरून गेलाय. मोजणीदारांच्या हिशोबाने पट्टा सोडून टक्केवारी काढू का?

मोजणीदार

छे. तालुक्याचं गणित तळ्याला लावू नका. तालुक्यात कित्येक पट्टे पडतात म्हणून चुका एकमेकींत जिरतात. तुमच्या तळ्यावर एकच पट्टा, तो शालिनी पॅलेसच्या बाजूला पडला की संध्यामठाच्या, यावर सगळं उत्तर फिरेल.

बिंदूचौक

तुम्हाला उलट भरणं सोपं आहे. तळ्याला तोडणी नसते. १६ दिवसांत पाण्याचा काठ फार हलत नाही, उन्हाळा सोडला तर. पट्टा सरकलेली पुढची-मागची तारीख घ्या आणि तेवढाच काठ जोडा. तुमची खरी डोकेदुखी पट्टा नाही, केंदाळ म्हणजे जलपर्णी आहे. केंदाळाखालचं पाणी उपग्रहाला रानच दिसतं. ज्या वर्षी केंदाळ माजलं त्या वर्षी तळं आटल्यासारखं दिसेल. तिथे कुठलीही पट्टा-भरणी कामाला येणार नाही, जुने फोटो काढून बसा.

तांबडा_पांढरा

मग २०१९ च्या महापुरात आमची गल्ली बुडाली तवा लँडसॅट ७ काय करत हुता?

बिंदूचौक

फिरत होता, पट्ट्यांसकट. पण पट्टे नसते तरी काय दिसलं असतं? ऑगस्टात आपल्यावर ढगांची गोधडी असते. पुराला रडारच लागतं. सेंटिनेल-१ हा रडारवाला उपग्रह २०१४ साली अवकाशात गेला, तो ढगातून आणि रात्रीही बघतो. सपाट पाणी त्याला काळं दिसतं. २०१९ आणि २०२१ चे पूर त्याच्यामुळे रेखाटता येतात. २००५ च्या वेळी तो नव्हता. यावर वेगळा धागा काढा, इथे ताईंचा ऊस राहील बाजूला.

कुंभीकाठची

राहिला नाही. भोकं पाडून आले.

२०१७ वर पट्ट्यांचा मुखवटा लावला. भोकं तशीच ठेवून काढलेलं तालुक्याचं उत्तर अखंड प्रतिमेच्या उत्तराला इतकं चिकटून आलं की आधी वाटलं चुकून तीच फाइल घेतली. दोनदा तपासलं, नव्हती. एनएसपीआयने भरून केलेलं थोडं लांब गेलं, आणि नेहमी एकाच बाजूला, ऊस कमी दाखवत. 'फिल नोडेटा'वालं सर्वांत वाईट. मोजणीदारकाका, तुमच्या घरी पेढे घेऊन यायला पाहिजे.

पण एक पेच उरला. गाईडना गाववार तक्ता हवा आहे. गावाला टक्केवारी लावली तर काही गावांचं उत्तर भलतंच हलतं. लहान गावांत तर अर्धं शिवार पट्ट्यात.

मोजणीदार

पेढे नकोत, साखर वाढलीय. मिसळ चालेल.

गावाचं हे होणारच, रंकाळ्याचीच गत. गाववार तक्त्यात एक जादा रकाना घाल, 'प्रत्यक्ष दिसलेली जमीन, टक्के'. जिथे तो आकडा फार खाली जातो तिथे उसाचा आकडा देऊच नकोस, रेघ मार. गाईड विचारतील तेव्हा गाव नमुना बाराचं, म्हणजे गावच्या पीक नोंदवहीचं, नाव घे. तलाठ्याकडे २०१२ च्या पीक नोंदी असतील. त्याही घरात बसून भरलेल्या असू शकतात म्हणा, पण निदान ती चूक वेगळ्या जातीची आहे, दोन्ही एकाच बाजूला पडणार नाहीत.

बिंदूचौक

आणि नकाशा छापाल तेव्हा भरलेल्या भागावर बारीक तिरक्या रेघा ओढा. नकाशाला भरलेली प्रतिमा वापरायला माझी हरकत नाही, डोळ्याला नदी सलग दिसली तरच माणूस आपलं गाव शोधू शकतो. आकडे मात्र पट्ट्याबाहेरचे.

कुंभीकाठची

तसंच करते. अकरा गावांपुढे रेघ मारली आहे. बघताना पोटात गोळा येतो, पण मारली.

एक गंमत सांगून थांबते. आमच्या मामाचा मळा नेमका पट्ट्यात आहे. एनएसपीआय म्हणतं ऊस उभा, जुळवणीची जुनी पद्धत म्हणते तुटलेला. रविवारी गावी गेले होते तेव्हा मामाला विचारलं, बारा सालच्या जानेवारीत आपला ऊस तुटला होता का? मामा म्हणाला, एवढं कुणाच्या ध्यानात राहतंय. मामी उठली आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्यांची पिशवी काढून आणली. त्या सालच्या चार पावत्या निघाल्या. एकीचा कोपरा उंदरानं खाल्लाय, पण तारीख वाचता येते. दोन प्रतिमांच्या बरोबर मधली.

तांबडा_पांढरा

मामींना उपग्रहावर पाठवा.